एक नोकरी, ५५ हंगाम: एडी रॉबिन्सन यांच्या निमित्ताने कॉलेज फुटबॉलच्या कोचबद्दल

प्रश्न असा आला आहे: "मी बी.पी.एड. करतोय. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या कोचची कारकीर्द नेमकी कशी असते? दर तीन-चार वर्षांनी कॉलेज बदलायचं, भरमसाट पैसे घ्यायचे आणि हरलं की घरी जायचं, असंच वाचनात येतं. मग यांच्यातला मोठा कोच कोण, हे ठरवायचं कशावरून? एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?"

मी मूळची सांगलीची, शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. गेली १९ वर्षं अमेरिकेच्या दक्षिण भागात कॉलेजच्या फुटबॉल संघांबरोबर अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम करते. आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममधला माणूस डोळ्यांपुढे येतो. इथे हा शब्द खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्यासाठी वापरतात. म्हणजे मी स्वतः कोच नाही, पण सरावाला, सामन्याला, बसमध्ये, हॉटेलात, हरल्यानंतरच्या लॉकर रूममध्ये कोचपासून चार हातांवर असते. या १९ वर्षांत पाच हेड कोच पाहिले. त्या भरवशावर उत्तर देते.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू, लांबट चेंडू, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू हातात घेऊन, समोरचा बचाव दोन-तीन सेकंदांत वाचून, तो फेकायचा की पळणाऱ्याच्या हातात द्यायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कारकीर्द. सर्वसाधारण शिडी ठरलेली आहे. खेळून झाल्यावर ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे शिकत शिकत राबणारा हरकाम्या, मग एखाद्या जागेवरच्या खेळाडूंचा कोच, मग आक्रमणाचा किंवा बचावाचा कोऑर्डिनेटर, मग छोट्या कॉलेजचा हेड कोच, मग मोठ्या कॉलेजचा. निक सेबन यांचा प्रवास पाहा. १९७३ मध्ये केंट स्टेटला ग्रॅज्युएट असिस्टंट, पुढे कितीतरी संघांत असिस्टंट, १९९० मध्ये टोलेडोचे हेड कोच, १९९५ पासून मिशिगन स्टेट, २००० पासून एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ), मध्ये दोन वर्षं व्यावसायिक लीगमध्ये मायामी डॉल्फिन्स आणि २००७ पासून जानेवारी २०२४ पर्यंत अलाबामा. सात राष्ट्रीय विजेतेपदं, एक एलएसयूला आणि सहा अलाबामाला. शिडी शेवटपर्यंत चढलेला माणूस तो हाच.

पण त्या शिडीवर गर्दी आहे, आणि मधल्या पायऱ्यांवरून पडणारेच जास्त. एका कॉलेजात आम्ही शनिवारी रात्री हरलो. रविवारी सकाळी सात वाजता मुलांच्या दुखापती तपासायला मी नेहमीप्रमाणे गेले, तर हेड कोचच्या दारावरची नावाची पाटी काढलेली होती. स्क्रूची चार भोकं तेवढी उरलेली. हेड कोच गेला की त्याच्याबरोबर आलेल्या असिस्टंटांचीही नोकरी बहुधा जाते. त्यांतला एक जण माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला, मुलीची ही चौथी शाळा होणार. ती तेव्हा पाचवीत होती.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं वाक्य खोटं नाही. पण "मोठा कोच कशावरून ठरवायचा" असं मला कोणी विचारलं, की मी सेबन यांचं नाव घेत नाही. मी एडी रॉबिन्सन यांचं घेते. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, आणि अमेरिकेतही आजच्या मुलांना ते एका पुरस्काराचं नाव म्हणूनच माहीत असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ चा, लुइझियानातल्या जॅक्सन गावचा. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कसणारे, आई लोकांच्या घरी काम करणारी. लेलँड नावाच्या लहानशा कॉलेजात ते क्वार्टरबॅक म्हणून खेळले. पदवी मिळाली, पण काम मिळालं ते बॅटन रूजमधल्या गुरांच्या खाद्याच्या गिरणीत, तासाला २५ सेंट. कोच व्हायचं डोक्यात शाळेपासून होतं. १९४१ मध्ये राज्याच्या उत्तरेकडच्या ग्रँबलिंग या खेड्यातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजला कोच हवाय असं कळलं. कॉलेजचं तेव्हाचं नाव लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट. प्राचार्य राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स यांनी या २२ वर्षांच्या मुलाला ठेवून घेतलं. पगार महिना ६३ डॉलर ७५ सेंट.

त्या पगारात काय काय करायचं होतं, हे कळलं तर पुढचं सगळं कळेल. असिस्टंट एकही नाही. फाटलेल्या सामानाच्या जागी नवं घ्यायला पैसे नाहीत. मैदानावरचं गवत कापायचं ते रॉबिन्सन यांनीच, चुन्याच्या रेघा त्यांनीच आखायच्या, खेळाडूंच्या घोट्यांना टेप त्यांनीच लावायची, आणि सामना संपला की वर्तमानपत्रासाठी त्याची बातमीही त्यांनीच लिहायची, कारण कृष्णवर्णीय कॉलेजच्या सामन्याला बातमीदार येणार कुठून.

यातलं टेपचं काम माझं रोजचं आहे, त्यामुळे तिथे थोडी थांबते. मुलगा टेबलाच्या कडेला पाय सोडून बसतो. पाऊल काटकोनात धरून ठेव, असं त्याला बजावायचं, कारण पाऊल सैल सोडलं तर सगळी मेहनत वाया. पोटरीच्या खाली आधाराच्या दोन पट्ट्या. मग आतल्या बाजूने टाचेखालून बाहेरच्या बाजूला खेचलेल्या तीन पट्ट्या, रिकिबीसारख्या. मग पावलावरून आठाच्या आकड्यासारखे वेढे. शेवटी टाच दोन्ही बाजूंनी जखडायची. एक सुरकुती राहिली तर दुसऱ्या हाफपर्यंत तिथे फोड येतो, आणि घट्ट झाली तर बोटं बधिर होतात. हात बसलेल्या माणसाला एका घोट्याला दीड मिनिट लागतं. आज माझ्या संघात ६० मुलांना टेप लागते, म्हणजे १२० घोटे. एकट्याने केलं तर तीन तास. आम्ही पाच जण असतो. रॉबिन्सन यांचा संघ कितीतरी लहान होता, पण हात दोनच होते, आणि त्याच दोन हातांना नंतर साइडलाइनवर उभं राहून सामना चालवायचा होता. मला मात्र त्या टेबलावर एक गोष्ट नेहमी जाणवते. पाय हातात असताना मुलगा खरं बोलतो. घरी काय चाललंय, झोप का लागत नाही, कुठल्या विषयात नापास होतोय, सगळं तिथे बाहेर येतं. रॉबिन्सन यांना आपल्या मुलांची अंतर्बाह्य ओळख होती असं त्यांचे जुने खेळाडू सांगतात. त्या ओळखीची सुरुवात या टेबलावर झाली असणार, असं मला या कामामुळे वाटतं.

पहिला हंगाम ३ विजय, ५ पराभव. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, ९ पैकी ९ विजय, आणि संपूर्ण हंगामात समोरच्या कुठल्याच संघाला एकही गुण मिळाला नाही. पुढची दोन वर्षं महायुद्धामुळे संघच नव्हता. मुलं सैन्यात गेली होती.

त्या काळातलं लुइझियाना समजून घ्यायला हवं. जिम क्रो कायद्यांनी शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, हॉटेलं आणि खाणावळी वेगळ्या केलेल्या होत्या. संघ दुसऱ्या गावी निघाला की वाटेतल्या खाणावळीत त्यांना कोणी बसू देणार नाही, हे निघतानाच माहीत असायचं. म्हणून रॉबिन्सन आदल्या दिवशी सँडविच बांधून घ्यायचे. आपल्या महाराष्ट्रात पाणवठ्याची आणि देवळाची गोष्ट ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी सांगितली असेल, त्यांना हे वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

आणि त्याच वेळी हा माणूस पोरांना प्रवासात कोट आणि टाय घालायला लावायचा. सकाळी वसतिगृहाच्या बोळातून गायीच्या गळ्यातली घंटा वाजवत फिरायचा, वर्गाला उठा म्हणून. टेबलावर काटा-चमचा कसा धरायचा, समोरच्याशी बोलताना नजर कशी ठेवायची, हेही शिकवायचा. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. मुलं फुटबॉल खेळायला आलीत ना? नंतर उमगलं की ज्या मुलाला कुणी आत घेत नाही, त्याला आत शिरण्याची संधी एकदाच मिळते आणि त्या एकदात त्याची सगळीच परीक्षा होते, फक्त खेळाची होत नाही. रॉबिन्सन त्या एका दिवसाची तयारी रोज करून घेत होते.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. संघातल्या दोन भावांना वडिलांनी शेतावर परत बोलावलं, कापूस वेचायचा होता. कापूस वेचून झाल्याशिवाय पोरं खेळायला येणार नाहीत. रॉबिन्सन वडिलांशी वाद घालायला गेले नाहीत. अख्खा संघ घेऊन शेतावर गेले आणि सगळ्यांनी मिळून कापूस वेचून टाकला. विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला ही अडचण अनोळखी नसेल. वेचणीच्या दिवसांत मैदान ओस पडतं.

आता त्यांच्या कामाच्या गाभ्याकडे येते.

१९४९ पर्यंत व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून एकही खेळाडू गेला नव्हता. जे मोजके कृष्णवर्णीय खेळाडू होते, ते गोऱ्यांच्या बहुसंख्येच्या विद्यापीठांतून आलेले. त्या वर्षी रॉबिन्सन यांचा खेळाडू पॉल यंगर, ज्याला सगळे टँक म्हणायचे, याला लॉस एंजेलिस रॅम्सने करारबद्ध केलं. निघताना रॉबिन्सन यांनी त्याला स्पष्ट सांगितलं की तू जमवलं नाहीस तर आपल्यासारख्या कॉलेजातल्या दुसऱ्या मुलाला पुन्हा कधी बोलावतील सांगता येत नाही. २१ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर केवढं ओझं! पण यंगरने ते पेललं. १९५१ मध्ये रॅम्स लीगचे विजेते झाले तेव्हा तो संघात होता, आणि पुढे चार वेळा तो प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. दार उघडलं. विली डेव्हिस, विली ब्राउन, बक ब्युकॅनन, चार्ली जॉइनर हे चौघे ग्रँबलिंगचे, चौघेही प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये. १९६३ मध्ये तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगने, एएफएलने, संपूर्ण ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमध्ये, पहिला म्हणून निवडला तो ब्युकॅनन. एका खेड्यातल्या कॉलेजातून रॉबिन्सन यांच्या हाताखालचे २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले.

पण एक जागा तरीही बंद होती: क्वार्टरबॅकची. पळायला, अंगावर घ्यायला, झेल घ्यायला कृष्णवर्णीय खेळाडू चालत; संघाचं डोकं म्हणून तो चालत नसे. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या कृष्णवर्णीय मुलाला व्यावसायिक संघ सांगायचे, तू रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, हो, नाहीतर बचावात खेळ. बुद्धी लागते त्या जागेवर तू नको, असंच ते सांगणं होतं, फक्त सभ्य शब्दांत.

इथे रॉबिन्सन यांनी जे केलं, ते माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतल्या ४०८ विजयांपेक्षा मोठं आहे. मन्रो गावचा जेम्स हॅरिस हा उंच, ताकदीच्या हाताचा मुलगा १९६० च्या दशकात त्यांच्याकडे आला. त्याला व्यावसायिक क्वार्टरबॅक करायचं हे त्यांनी आधीच ठरवलं आणि चार वर्षं त्याची तशीच घडण केली. चेंडू घेऊन मागे सरकून खिशात उभं राहणं (संरक्षण करणाऱ्यांच्या अर्धवर्तुळाला इथे खिसाच म्हणतात), बचाव वाचणं, डाव बदलणं. पळून सुटका करून घेण्याची सवय त्याला लागू दिली नाही, कारण पळणारा क्वार्टरबॅक दिसला की याला रिसीव्हर करा म्हणायला लोक मोकळे. हॅरिसने जागा बदलायला नकार दिला, म्हणून १९६९ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव थेट आठव्या फेरीत आलं. त्याला जायचीच इच्छा उरली नव्हती. हॅरिसने नंतर अनेकदा सांगितलंय की रॉबिन्सन यांनी त्याला समजावलं: परत येऊन मी काळा होतो म्हणून जमलं नाही असं सांगायचं नाही, तिथे न्याय मिळणार नाही हे धरून चाल आणि इतरांपेक्षा सरस हो. हॅरिस बफेलोला गेला आणि त्याच वर्षी हंगामाचा पहिला सामना क्वार्टरबॅक म्हणून सुरू केला. हंगामाची सुरुवात करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. १९७४ मध्ये रॅम्सकडून खेळताना तो प्रो बोलमध्ये पोहोचला आणि त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग डग विल्यम्स. लुइझियानातल्याच झॅकरी गावचा. १९७८ मध्ये टँपा बेने त्याला पहिल्याच फेरीत, १७ व्या क्रमांकावर घेतलं. त्याला पारखायला ग्रँबलिंगला आलेले असिस्टंट कोच होते जो गिब्ज. दहा वर्षांनी हेच गिब्ज वॉशिंग्टनचे हेड कोच होते आणि विल्यम्स त्यांचा क्वार्टरबॅक. ३१ जानेवारी १९८८, सॅन डिएगो, बाविसावी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना.

या सामन्याचं चित्रण मी कितीदा पाहिलं असेल याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी माझी नजर त्याच्या डाव्या गुडघ्यावर असते. आदल्या दिवशी विल्यम्सच्या दाताचं रूट कॅनल झालेलं. वॉशिंग्टन ० विरुद्ध १० असं पिछाडीवर. पहिला क्वार्टर संपत आलेला असताना तो मागे सरकतो, पाय गवतावर घसरतो आणि गुडघा उलट्या दिशेला ताणला जातो. तो खाली पडतो त्या क्षणी माझ्यासारखीच्या पोटात गोळा येतो, कारण अशा पडण्यात काय काय फाटू शकतं ते आम्हाला ठाऊक असतं. त्याला बाहेर नेतात, दुसरा क्वार्टरबॅक येतो. दोन डाव होतात. दुसरा क्वार्टर सुरू होतो आणि विल्यम्स परत मैदानात असतो, आणि पहिल्याच डावात रिकी सँडर्सला फेकलेला चेंडू ८० यार्डांचं टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेणं) होतो. त्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे खेळाच्या १५ मिनिटांत, वॉशिंग्टनने ३५ गुण केले आणि विल्यम्सने चार टचडाउन फेकले. शेवट ४२-१०. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच. त्याचे पाय नीट पाहा: गुडघा दुखावलेला असल्याने तो पळूच शकत नव्हता. खिशात शांत उभं राहायचं, वाचायचं आणि फेकायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. ग्रँबलिंगच्या मैदानावर रॉबिन्सन यांनी आधी हॅरिसकडून आणि मग त्याच्याकडून जे घोटून घेतलं होतं, ते नेमकं हेच. रॉबिन्सन त्या दिवशी स्टेडियममध्ये होते. ६८ वर्षांचे.

तुम्ही विचाराल, एवढा कोच मग मोठ्या कॉलेजात किंवा एनएफएलमध्ये का गेला नाही? ते स्वतः अभिमानाने सांगायचे की माझा खरा विक्रम म्हणजे ५० वर्षांहून जास्त काळ एकच नोकरी आणि एकच बायको. डोरिस यांच्याशी लग्न १९४१ चं, नोकरीही १९४१ ची. ही निष्ठा खरी होती. पण नुसती निष्ठेची गोष्ट म्हणून ती सांगू नये, असं मला ठामपणे वाटतं. आधुनिक काळातला एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, आर्ट शेल, नेमला गेला तो १९८९ मध्ये. तेव्हा रॉबिन्सन सत्तरीचे होते. दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी त्यांच्या उमेदीच्या वर्षांत असा विचारसुद्धा केला नसता. मास्टर्ससाठीही त्यांना घरापासून शेकडो मैल दूर आयोवा विद्यापीठात जावं लागलं. १९५४ मध्ये ती पदवी मिळाली. सेबन यांच्या शिडीच्या पायऱ्या रॉबिन्सन यांच्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या. मग त्यांनी आपल्या खेड्याचीच उंची वाढवली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर मॉर्गन स्टेटविरुद्धच्या सामन्याला ६० हजारांहून जास्त लोक आले. ग्रँबलिंग ७-९ हरलं, पण तिथून संघ देशभर खेळायला जाऊ लागला, १९७६ मध्ये तर टोकियोलासुद्धा. सदर्न विद्यापीठाविरुद्धचा बायू क्लासिक १९७४ पासून न्यू ऑर्लिन्सला होतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी तिथली गर्दी आणि हाफटाइमचे बँड एकदा तरी अनुभवावेत.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला सोपी पण पचवायला अवघड आहे. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या मिश्र संघाने अलाबामाच्या गोऱ्या संघाला त्यांच्याच बर्मिंगहॅममध्ये ४२-२१ ने हरवलं. दक्षिणेतल्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय मुलांना घ्यायला तेव्हा नुकती सुरुवात केली होती, आणि त्यानंतर ती मागणी वाढतच गेली. जे रॉबिन्सन यांना आयुष्यभर हवं होतं ते घडलं, आणि त्यामुळेच पुढचे ब्युकॅनन आणि पुढचे यंगर ग्रँबलिंगऐवजी मोठ्या विद्यापीठांत गेले. त्यांचे व्यायामाचे हॉल, त्यांचा टीव्हीवरचा वेळ, त्यांचा पैसा यांच्याशी खेड्यातलं कॉलेज कसं झुंजणार? तरी रॉबिन्सन झुंजत राहिले. ५ ऑक्टोबर १९८५ ला डॅलसमध्ये प्रेअरी व्ह्यूला २७-७ हरवून त्यांनी ३२४ वा विजय मिळवला आणि अलाबामाचे कोच बेअर ब्रायंट यांचा सर्वाधिक विजयांचा विक्रम मागे टाकला. ७ ऑक्टोबर १९९५ ला ४०० वा. शेवटची बेरीज ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. २००३ मध्ये जॉन गॅग्लियार्डी या दुसऱ्या कॉलेजच्या कोचनी ४०९ वा विजय मिळवेपर्यंत कॉलेज फुटबॉलमध्ये कुणाचेही इतके विजय नव्हते.

शेवटची वर्षं लपवू नयेत. १९९४ मध्ये ९ विजय होते. १९९५ मध्ये ५, १९९६ मध्ये ३. माजी विद्यार्थी नाराज झाले, त्या वर्षअखेरीस त्यांनी पायउतार व्हावं असा दबाव आला, राज्यपाल माइक फॉस्टर मध्ये पडले आणि अखेरचा एक हंगाम मिळाला. त्यातही ३ विजय, ८ पराभव. २९ नोव्हेंबर १९९७ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम स्टेडियममध्ये सदर्नकडून ७-३० असा पराभव, आणि ५६ वर्षांचं काम संपलं. माझं मत विचाराल तर त्यांनी १९९४ नंतर थांबायला हवं होतं. पण हे मत देताना मला संकोचही वाटतो. ज्या माणसाने मैदान स्वतः आखलं, गवत स्वतः कापलं, त्याला ते मैदान सोडायची तारीख बाहेरून कोणी सांगायची? निवृत्तीनंतर अल्झायमर्सने गाठलं. ३ एप्रिल २००७ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, ग्रँबलिंगशेजारच्या रस्टनमध्ये ते गेले. बॅटन रूजच्या राज्य कॅपिटॉलमध्ये त्यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. त्याच शहरातल्या गिरणीत त्यांनी तासाला २५ सेंटवर पोती उचलली होती.

आता तुमच्या मूळ प्रश्नाला थेट उत्तर. कॉलेज फुटबॉलमध्ये यायचं असेल तर शिडी वर सांगितली तीच आहे. ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागेपासून सुरुवात करा, आणि पहिली पाच-सहा वर्षं एका जागी बस्तान बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. कोच निवडायची वेळ आली, म्हणजे कोणाच्या हाताखाली शिकायचं हे ठरवायची, तेव्हा त्याच्या विजयांचा तक्ता जरूर बघा. पण मी आणखी एक गोष्ट बघते, आणि नव्या कॉलेजात रुजू होण्याआधी स्वतःसाठीही तीच बघितली आहे. त्याचे दहा वर्षांपूर्वीचे खेळाडू त्याला भेटायला येतात का? सामन्याच्या दिवशी साइडलाइनमागे, बायको-मुलांना घेऊन, पोट सुटलेले, गुडघ्यांवर व्रण असलेले तिशीतले पुरुष उभे दिसतात का?

ग्रँबलिंगमध्ये रॉबिन्सन यांच्या जागी १९९८ मध्ये डग विल्यम्स आला. २०००, २००१ आणि २००२ असं सलग तीन वर्षं त्याने संघाला परिषदेचं (कॉन्फरन्सचं), म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं, विजेतेपद मिळवून दिलं. २०१० पासून गावात रॉबिन्सन यांच्या नावाचं संग्रहालय आहे. लुइझियानात कधी आलात तर उत्तरेकडे गाडी वळवा, रस्टनपासून ते अगदी जवळ आहे.